कूपेत इंजिन काचेखाली मिरवतं, मग कन्व्हर्टिबलमध्येच का झाकतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच स्पोर्ट्स कारच्या कूपेमध्ये (पक्क्या छताच्या रूपात) मागच्या काचेखाली इंजिन दागिन्यासारखं मांडलेलं दिसतं. त्याच गाडीची कन्व्हर्टिबल (छत उघडणारी; कंपन्या तिलाच कॅब्रिओले, स्पायडर, रोडस्टर असंही म्हणतात) घ्यायला गेलं तर ती जास्त महाग, आणि इंजिनावर मात्र बॉडीच्या रंगाचं साधं, चार झडपांचं (म्हणजे हवा जायच्या आडव्या फटींचं) झाकण. ही कंपनीची कंजुषी आहे का? आणि गाडी घेतल्यावर बाहेरून पारदर्शक झाकण बसवून घेता येईल का?

माझं काम अशा गाड्यांची बॉडी, झाकणं आणि उघडणारी छतं यांच्या दुरुस्तीचं, त्यामुळे हा प्रश्न नेहमी कानावर येतो. बाहेरून बसवून घेण्याबद्दल आधीच सांगून टाकतो: कन्व्हर्टिबलच्या बाबतीत त्या फंदात पडू नका. कारणं पुढे येतीलच. कंजुषीचा संशय मात्र मनातून काढून टाका. झाकण कसं दिसणार हे ठरतं छत उघडल्यावर जाऊन कुठे बसतं यावर. एवढी एक गोष्ट बघायची सवय लागली की कुठलीही नवी गाडी समोर आली तरी तिचं झाकण तसं का आहे हे बहुतेक वेळा तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

ज्या गाड्यांचं इंजिन पुढे असतं त्यांना हा प्रश्न लागूच नाही. जॅग्वार एफ-टाइप घ्या किंवा मर्सिडीज-एएमजी जीटी, कूपे असो वा उघडी, पुढचं बॉनेट तेच. छत मागे जातं, इंजिन पुढे राहतं, दोघांची गाठच पडत नाही. भांडण सुरू होतं ते इंजिन सीटच्या मागे असलेल्या गाड्यांत, कारण उघडलेल्या छताला जायला जागा लागते ती नेमकी तिथेच.

पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आणि आडवं-सपाट. कूपे असो की कॅब्रिओले, झाकण उघडलं तरी वरून पंखे आणि काही नळ्याच दिसतात. तिथे काच लावून दाखवण्यासारखं काही नाही आणि कंपनीने तसा हट्टही धरला नाही. बॉक्सटर आणि केमनचंही तसंच. दोन्हींत इंजिन मध्यभागी, पण मालकाला ते कधी दिसत नाही. बॉक्सटरमध्ये वरून इंजिनापर्यंत जायचं तर छत अर्धवट उघडून सर्व्हिसच्या स्थितीत आणावं लागतं आणि मागचं आवरण काढावं लागतं. केमनमध्ये मागच्या सामानाच्या जागेतलं कार्पेट आणि त्याखालचं पॅनल उचलावं लागतं. त्यामुळे ‘कूपे म्हणजे इंजिन दिसणारच’ हे गृहीतकही बरोबर नाही. फेरारीच्या एफ३५५ पर्यंतच्या नेहमीच्या व्ही८ (व्ही आकारात मांडलेले आठ सिलिंडर) कूपेंनाही झडपांचं अपारदर्शक झाकण होतं. त्या मालिकेत काचेखालचं इंजिन आलं ते १९९९ च्या ३६० मोडेनापासून.

आता कूपेची रचना बघा. छताची रेषा सीटच्या वरून सरळ शेपटीकडे उतरत जाते. त्या उताराखाली इंजिन. ड्रायव्हरला आरशातून मागचं दिसायला हवं, म्हणजे त्या उतारावर काहीतरी आरपार दिसणारं हवंच. कॉर्व्हेट सी८ कूपेत हे अगदी स्पष्ट कळतं: सीटच्या पाठीमागे एक उभी काच, तिच्यापलीकडे इंजिन, आणि इंजिनावर तिरपी मोठी काच बसवलेला दरवाजा. ड्रायव्हरची नजर दोन्ही काचांतून पार होते. म्हणजे ती तिरपी काच तशीही लागणारच होती. खाली ठेवलेलं ६.२ लिटरचं व्ही८ तिच्यातून दिसतं हा वरचा फायदा. मग कंपनीने तो फायदा पुरेपूर उचलला. इंजिनाच्या वरच्या कव्हरांचे रंग, वायरींचे मार्ग, नळ्यांची वळणं, अगदी बोल्टची डोकीसुद्धा वरून कशी दिसतील याचा विचार करून मांडली.

कन्व्हर्टिबलमध्ये ती उतरती रेषाच उरत नाही. मागची काच लहान होते आणि सीटच्या पाठीमागे उभी राहते. तिच्यामागे सपाट डेक, म्हणजे गाडीच्या मागच्या भागाचा सपाट पृष्ठभाग. ड्रायव्हर आता डेकच्या वरून बघतो, डेकमधून नाही. म्हणजे तिथे काच ठेवण्याचं एक कारण तिथेच संपलं. आणि त्याच डेकखाली छत येऊन बसतं.

फेरारीच्या व्ही८ गाड्यांची मालिका या दृष्टीने बघण्यासारखी आहे, कारण एकाच कंपनीने तीच अडचण वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवली. ३६० स्पायडर आणि एफ४३० स्पायडरला कापडी छत होतं. कापड घडी करून सीट आणि इंजिन यांच्यामधल्या अरुंद कप्प्यात कोंबता येतं. त्यामुळे छत उघडं असतानाही मागे इंजिन काचेखाली दिसत राहिलं. मग २०११ मध्ये ४५८ स्पायडर आली, ॲल्युमिनियमचं घडी होणारं कडक छत घेऊन. चौदा सेकंदांत उघडणारं, आणि फेरारीच्या म्हणण्याप्रमाणे नेहमीच्या कापडी छतापेक्षा २५ किलो हलकं. बंद असताना ही गाडी जवळजवळ कूपेसारखी शांत. पण पत्र्याला चुण्या पडत नाहीत. ते दोन तुकडे आपल्या आकारासकट इंजिनाच्या वर येऊन बसतात. त्यांना झाकायला मोठं झाकण आलं, त्याला दोन उंचवटे आणि झडपा आल्या, आणि इंजिन नजरेआड गेलं. ४८८ स्पायडर आणि एफ८ स्पायडरमध्येही तेच.

आणि मग २९६ जीटीएस. यातही कडक छत, तरी झाकणाच्या मागच्या भागात खिडकी आहे आणि तिच्यातून इंजिन दिसतं. हे जमलं कसं? इंजिन बदललं म्हणून. व्ही८ ऐवजी १२० अंशांत पसरलेलं व्ही६, म्हणजे लांबीला कमी आणि बसायलाही खाली. छताचे दोन तुकडे इंजिनाच्या पुढच्या भागावर सपाट बसतात, मागचा भाग मोकळा राहतो. कंपनीला इंजिन दाखवायची हौस पूर्वीही होतीच. मधल्या पिढ्यांत जागा नव्हती, इथे सापडली.

छत गाडीत दुसरीकडेच ठेवता आलं तर हा प्रश्नच सुटतो. पोर्शे कॅरेरा जीटीच्या छताच्या दोन कार्बन फायबरच्या फळ्या हाताने काढून पुढच्या डिक्कीत ठेवायच्या. म्हणून मागे व्ही१० वर जाळीची झाकणं निर्धास्त राहिली. लॅम्बोर्गिनी ॲव्हेंटाडोर रोडस्टरचंही तसंच: प्रत्येकी सहा किलोपेक्षा हलक्या दोन फळ्या पुढच्या डिक्कीत, आणि मागे मधोमध कणा व दोन्ही बाजूंना षटकोनी खिडक्या, ज्यातून व्ही१२ दिसतं. बुगाटी वेरॉन ग्रँड स्पोर्टचं पारदर्शक छत तर काढल्यावर गाडीत ठेवायला जागाच नाही, ते घरी ठेवून निघायचं आणि वाटेत पाऊस आला तर छत्रीसारखं उघडणारं कापडी छत ताणायचं. पण इंजिन? आठ लिटरचं डब्ल्यू१६ कूपेत जसं उघडं, तसंच इथेही. कॉर्व्हेट सी८ कूपेचं छतही खरं तर काढता येतं, आणि ते मागच्या डिक्कीत जातं, इंजिनावर येत नाही. उलट होंडा एनएसएक्स-टी मध्ये काढलेली फळी मागच्या काचेखाली, नेमकी इंजिनाच्या वर ठेवायची सोय होती.

या यादीतलं माझं आवडतं उदाहरण जुनं आहे. लॅम्बोर्गिनी मिउरा, १९६६. मागच्या काचेऐवजी काळ्या आडव्या पट्ट्या, त्यांच्यामधून मागचंही दिसतं आणि गरम हवाही बाहेर पडते. दोन वर्षांनी बर्टोनेने ब्रसेल्सच्या प्रदर्शनात तिचं उघडं रूप आणलं, एकच गाडी. त्यात त्या पट्ट्या काढून टाकल्या आणि आडवं बसवलेलं व्ही१२ आकाशाखाली ठेवलं. हे करता आलं कारण त्या गाडीला छतच नव्हतं. घडी होणारं नाही, काढता येणारं नाही, कुठलंच नाही. दुचाकीवाल्यांना हे फार आवडेल. रोज वापरणाऱ्याला पहिल्या पावसात रडू येईल.

आता उष्णतेकडे येतो, कारण जागेइतकंच किंवा त्याहूनही जास्त झाकणाचं रूप तिच्यामुळे ठरतं, आणि ग्राहकांच्या बोलण्यात ती बाजू क्वचित येते.

जोरात चालवलेल्या गाडीचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या) कित्येक शे अंशांवर असतात. गाडी पळत असते तोवर हवा खालून-बाजूंनी शिरते आणि वरून-मागून निघून जाते. खरा त्रास थांबल्यावर सुरू होतो. पाण्याचा पंप थांबला, वारा थांबला, आणि धातूत साठलेली सगळी उष्णता वर चढायला लागते. इंजिन बंद केल्यावरची पहिली काही मिनिटं इंजिन बेमधली (इंजिनाच्या कप्प्यातली) हवा उलट आणखी तापते. म्हणून तर गाडी लॉक करून निघालात तरी मागे पंखे घोंगावत असतात. कूपेत त्या वर चढणाऱ्या उष्णतेच्या वाटेत काच आणि तिच्या कडेच्या फटी. बहुतेक अशा झाकणांत काचेच्या दोन्ही बाजूंना जाळ्या किंवा मागच्या टोकाला मोकळी फट मुद्दाम ठेवलेली असते. काच तापते, तापू दे, तिला काही होत नाही.

कन्व्हर्टिबलमध्ये त्याच जागी घडी केलेलं छत. कापड, त्याचं अस्तर, रबराच्या कडा, मोटरी, वायरी, काही गाड्यांत हायड्रॉलिक तेलाच्या नळ्या. हे सगळं गरम धुराड्यावर ठेवल्यासारखं होतं. म्हणून छताचा कप्पा आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारी भिंत लागते, झाकणाच्या आतून ॲल्युमिनियमचा मुलामा असलेलं इन्सुलेशन लागतं, आणि जी हवा आधी सरळ वर जायची तिला मागे वळवावं लागतं. झाकणाच्या पुढच्या भागात छिद्रं ठेवता येत नाहीत, ती सगळी मागे सरकतात. कन्व्हर्टिबलच्या झाकणावर झडपा नेहमी शेपटीकडे एकवटलेल्या दिसतात, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण केबिनमधल्या नाकाचं. छत उघडं असताना विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवरून हवा सुटते, सीटच्या मागे खाली कोसळते आणि भोवरा करून पुढे केबिनमध्ये परत येते. केस पुढे उडतात ते याच भोवऱ्यामुळे. झाकणाची छिद्रं सीटच्या लगेच मागे असती तर गरम हवा आणि तापलेल्या रबराचा, तेलाचा वास त्या भोवऱ्याबरोबर मानेवर आला असता. ते दोन उंचवटे, हेडरेस्टच्या मागे फुगलेले, दिसायला शोभेचे वाटतात. काही प्रमाणात ते शोभेचे आहेतच. सपाट डेक फार पसरट दिसतो, त्याला आकार हवा. पण त्यांच्याखाली छताच्या यंत्रणेला उंची मिळते आणि हवा जरा सरळ मागे जाते. मॅक्लारेनने ७२०एस स्पायडरमध्ये हे मागे उतरणारे खांबच काचेचे केले, ड्रायव्हरला तिरकं मागचं दिसावं म्हणून. त्या गाडीत काचेचा उपयोग इंजिन दाखवायला न करता रस्ता दाखवायला केला, आणि माझ्या मते तो जास्त शहाणपणाचा आहे.

झाकण कशाचं आहे यावरही दिसणं बदलतं. काच जड असते, तिची घनता पाण्याच्या साधारण २.५ पट, पॉलिकार्बोनेटची (पारदर्शक, चिवट प्लॅस्टिक) १.२, कार्बन फायबरची १.६ च्या आसपास. वजन वाचवायचं तर पॉलिकार्बोनेट. फेरारी एफ४० चं मागचं झडपा कापलेलं पारदर्शक झाकण प्लॅस्टिकचं आहे, आणि एफ८ ट्रिब्युटोमध्ये त्याचीच आठवण म्हणून लेक्सानचं (पॉलिकार्बोनेटचंच एक व्यापारी नाव) झडपांचं झाकण दिलं. कूपेचं झाकण आपल्या हाताने उघडलं जातं, वर्षातून मोजक्या वेळा. कन्व्हर्टिबलचं झाकण प्रत्येक वेळी छत उघडताना-मिटताना मोटर उचलते, तेही काही गाड्यांत चालत्या गाडीत: लॅम्बोर्गिनी हुराकान स्पायडरचं छत ताशी ५० किलोमीटरपर्यंत वेगात उघडता येतं. म्हणजे वाऱ्याचा दाब अंगावर घेत, बिजागरीवर तोलून, काही सेकंदांत ते झाकण उठून परत बसायला हवं. इतकं मोठं झाकण सगळंच्या सगळं जड काचेचं करायला कुठलाही अभियंता राजी होणार नाही. तिथे कार्बन फायबर किंवा तत्सम हलकी, ताठ वस्तूच येते, आणि ती अपारदर्शक असते.

पॉलिकार्बोनेट का नाही, असा पुढचा प्रश्न येतो. ते फार प्रसरण पावतं. एक मीटर लांबीचा तुकडा साठ अंशांनी तापला तर पॉलिकार्बोनेट जवळजवळ चार मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम दीड मिलिमीटरपेक्षा जरा कमी, काच जेमतेम अर्धा. एफ४० सारख्या गाडीत चार मिलिमीटरची फट कोणी मोजत नाही. पण आजच्या कन्व्हर्टिबलमध्ये झाकणाच्या कडेला रबराची पट्टी दाबून बसायला हवी, सेन्सरला ‘बसलं’ असा इशारा मिळायला हवा, नाहीतर छतच अर्ध्यात थांबतं. तिथे उन्हाळ्या-हिवाळ्यात आकार बदलणारं झाकण म्हणजे रोजची कटकट. शिवाय १४५ अंशांच्या आसपास ते मऊ व्हायला लागतं आणि कडक लेप नसेल तर कोरड्या फडक्यानेही चरे पडतात.

एक छोटी गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. पॉलिकार्बोनेटचं झाकण ज्या स्क्रूंनी बसवलेलं असतं त्यांची भोकं नीट बघा. एखादं भोक गोल असतं, बाकीची लांबट. गोल भोक झाकणाला जागेवर धरतं, लांबट भोकं त्याला वाढायला वाव देतात, आणि स्क्रूच्या डोक्याखाली रबराचा वायसर असतो. कोणी अननुभवी माणसाने ते स्क्रू करकचून आवळले की झाकण वाढायला धडपडतं, जागा मिळत नाही, आणि भोकापासून केसासारख्या बारीक भेगा सुरू होतात. सरळ उजेडात त्या दिसत नाहीत. टॉर्च तिरका धरून बघा, चांदीच्या तारांसारख्या चमकतात. काचेच्या झाकणात बघायची जागा वेगळी: कडेचा काळा पट्टा. तो पट्टा सजावट नाही, त्याच्यामागे काच चिकटवणारा डिंक आहे आणि ऊन त्याला कमजोर करतं, म्हणून तो झाकलेला असतो. त्या पट्ट्याच्या आतल्या कडेला डिंक सुटत असेल तर आधी धुळीची बारीक रेघ आत शिरलेली दिसते.

आता बाहेरचं झाकण सोडून इंजिनावरच बसवलेल्या कव्हरांबद्दल. काचेखाली दिसणारं इंजिन म्हणजे उघडंनागडं इंजिन नव्हे, तेही नटवलेलं असतं. इनटेकवरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या भागावरचा) लाल खरखरीत रंग, कार्बन फायबरच्या तबकड्या, कंपनीच्या नावाची पट्टी, काही गाड्यांत एलईडी दिवेसुद्धा; ऑडी आर८ कूपेत काचेखाली असे दिवे घेता येत. जिथे कोणी बघणारच नाही तिथे हा खर्च करण्यात अर्थ नसतो. म्हणून झाकलेल्या इंजिनावर बहुधा साधं काळं प्लॅस्टिक असतं, किंवा तेही नसतं. त्या साध्या प्लॅस्टिकला कमी लेखू नका. त्याच्या आत फोम असतो, इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागांची) टकटक तो गिळतो, आणि कन्व्हर्टिबलमध्ये माणसं इंजिनाच्या आवाजाला जास्त जवळ असल्यामुळे त्याचं काम जास्तच महत्त्वाचं. ‘वजन कमी करायला’ म्हणून ते काढून टाकणारे भेटतात. एखाद-दुसरा किलो वाचतो, आणि मग मागून काहीतरी खडखडतंय म्हणून गाडी माझ्याकडे येते.

यावरून बाहेरून पारदर्शक झाकण बसवण्याचा मुद्दा आपोआप सुटतो. कूपेचं झाकण बदलणं शक्य असतं, काही गाड्यांत तर सोपं असतं. हुराकान कूपेला मूळचं झडपांचं झाकण होतं आणि पारदर्शक पर्याय कंपनीच देत होती, तेव्हा बिजागऱ्या, कुलूप, हवेच्या फटी सगळं आधीच विचारात घेतलेलं. कन्व्हर्टिबलला मात्र असं काही कापून-चिकटवून केलं तर झाकणाचं वजन बदलतं, मोटरीवर ताण येतो, सेन्सरची जुळणी बिघडते, आतलं इन्सुलेशन काढावं लागतं आणि इंजिनाची धग थेट छताच्या घडीला लागते. इतकं करून काचेतून काय दिसणार? छत घडी होऊन आत गेलेलं असेल तेव्हा छताची पाठ, आणि छत वर असेल तेव्हा रिकामा कप्पा, त्याखाली उष्णतारोधक भिंत, आणि फार तर काळं प्लॅस्टिक. असे उद्योग केलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. एकातही मालक वर्षभरानंतर खूश नव्हता.

मग घ्यायचं काय? इंजिन बघण्याची हौस खरी असेल, गॅरेजमध्ये दिवा लावून दहा मिनिटं नुसतं बघत बसणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर कूपे घ्या, किंवा ज्याचं छत पुढच्या डिक्कीत जातं अशी रोडस्टर बघा. तुम्हाला इंजिन ऐकायचं असेल तर कन्व्हर्टिबलला तोड नाही. त्यातही सीटमागची उभी काच वेगळी खाली करता येते अशी गाडी मिळाली, जशी ४५८ स्पायडर किंवा मॅक्लारेन १२सी स्पायडर, तर छत बंद ठेवून, पावसातही, इंजिनाचा आवाज कानाशी घेता येतो. पारदर्शक झाकणाचं कौतुक मला स्वतःला जरा जास्तच झालेलं वाटतं. शोरूममध्ये ते चमकतं. महिनाभर वापरल्यावर काचेच्या आतल्या बाजूला धुळीचा आणि तेलकट वाफेचा थर बसतो आणि धुतल्यानंतर थोडा वेळ तर धुकंच जमतं. दिसण्याचं म्हणाल, तर छत उघडलेली कन्व्हर्टिबल मागून तिरकी बघताना मला बहुतेक कूपेंपेक्षा देखणी वाटते, आणि तीच छत वर असताना थोडी कुबड आल्यासारखी.

जुनी गाडी घेत असाल तर कन्व्हर्टिबलच्या झाकणाची वरची बाजू सगळे बघतात, तुम्ही आतली बघा. छत अर्धवट उघडून थांबवता येतं, तेव्हा झाकण उभं असतं. आतलं चंदेरी इन्सुलेशन कडेने सुटलंय का, प्लॅस्टिकच्या क्लिपा तपकिरी होऊन ठिसूळ झाल्यात का, रबराच्या पट्टीवर एकाच जागी जास्त दाब आल्याची खूण आहे का. पाणी वाहून जायच्या नळ्या शोधा आणि त्यांत थोडं पाणी सोडून खाली निघतंय ना पाहा. त्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीकडे वळतं. दोन्ही बाजूंची पॅनल गॅप (झाकण आणि बॉडी यांच्यामधली फट) सारखी नसेल तर झाकण कधीतरी अडकून जबरदस्तीने बंद केलेलं असतं.

धुण्याबद्दल लोक हमखास विचारतात म्हणून तेही. गरम काचेवर थंड पाण्याचा झोत मारू नका, गाडी पूर्ण निवू द्या. झडपांमधून प्रेशरचं पाणी आत मारू नका, खाली कॉइल आणि जोडण्या आहेत. पॉलिकार्बोनेटला अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण चालत नाही, त्याने भेगा आणि धुरकटपणा येतो. सौम्य साबण आणि ओलं मायक्रोफायबर पुरतं. खरखरीत लाल रंगावर फडकं फिरवलं तर त्याचे धागे अडकून बसतात, तिथे रंगाचा मऊ ब्रश वापरा. प्लॅस्टिक चमकवणारं सिलिकॉन गरम भागांवर आणि पट्ट्यांच्या आसपास अजिबात मारू नका. आणि कापडी छत ओलं असेल तर कितीही घाई असली तरी घडी करून झाकणाखाली ढकलू नका. खालून ऊब, वर ओल, बुरशीला दुसरं काही लागत नाही.